निळ्या दाराचा तपास

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.
संयोगितासाठी मागवलेला गुडघ्याचा पट्टा ‘डिलिव्हर्ड’ दाखवतोय. घरात पट्टा नाही. दारात नाही. जिन्यात नाही. म्हणजे चोरी. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. माणूस कुठल्या पायानं आत आला यावरून तो उशिरा आलाय की नाही, हे मी सांगायचो. असल्या भुरट्याला आठ दिवस पुरे.
संकल्प : रोज तपासाची नोंद ठेवणे.

५ नोव्हेंबर, बुधवार.
दोन दिवस नोंद ठेवली नाही. विचार चालू होता.
ॲपवर डिलिव्हरीचा फोटो सापडला. निळं दार, खाली खोकं. आमचं दार तपकिरी आहे. संयोगिता म्हणाली, अहो, हे आपलं दार न्हाय की. मी शांतपणे सांगितलं की मोबाईलच्या कॅमेऱ्यात रंग बदलतात. ती म्हणाली, पण कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय. दारं सगळी सारखीच असतात, म्हटलं. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावताना फार धीर लागतो. माझ्याकडं तो आहे.
डिलिव्हरीवाल्याचा परवा फोन आलता हेही आठवलं. कुणी दार उघडंना म्हणाला. मी आंघोळीला निघालो होतो. दारात ठेवा म्हणून सांगितलं. पत्ता नीट कळत नाही अशी तक्रार त्याला करताच येणार नाही, पत्ता मी स्वतः टाकलाय.

८ नोव्हेंबर, शनिवार.
मिक्सरचं भांडंही गेलं. डिलिव्हर्ड, ११.२०. पुन्हा तेच निळं दार.
वेळापत्रक मांडलं. अकरा ते बारा जिन्यात कोण असतं? खालच्या मजल्यावरचे रुद्राप्पा मास्तर पेपर वाचत असतात. पण ते निवृत्त शिक्षक, शिवाय त्यांना दोन जिने चढवत नाहीत. उरली तानाबाई.
तानाबाई नऊ वर्षं आमच्याकडं भांडी-फरशी करते. मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरापासून. जूनमध्ये आम्ही इकडं फुलेवाडीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तर तीही आली. जुन्या गल्लीतली दोन घरं उरकून साडेदहाला इथं येते. नऊ वर्षांत चमचा हलला नाही. हेच तर संशयास्पद आहे.
संयोगिता म्हणाली, तिला तो फोटो तरी दाखवा. मी नकार दिला. पुरावा आरोपीला दाखवायचा नसतो.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.
मोहीम पार पडली. तानाबाईला अत्यंत सौम्य शब्दांत विचारलं की दोन खोकी कुठं ठेवलीस. ती म्हणाली, कसली खोकी सायेब? मी म्हटलं, तुला माहीत हाय. ती गप्प झाली. गप्प बसणं म्हणजे कबुली, हा टाइम ऑफिसातला अनुभव. मग तिनं हातातलं पातेलं पूर्ण घासलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि संयोगिताला म्हणाली, वैनी, येते मी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अपराधी माणूस नजर टाळतो.
सोसायटीच्या ग्रुपवर सावधगिरीचा मेसेज टाकला. नावासकट. समाजाची जबाबदारी असते. पाच जणांनी हात जोडले.
संयोगितानं माझं ताट वाढलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन जेवली. धक्का बसला असावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
भांडी मी घासतोय. संयोगिताचा गुडघा दुखतो म्हणून, नाहीतर प्रश्न नव्हता. सोपं काम आहे. दोन ग्लास फुटले, साबण निकृष्ट होता.
संकल्प : दारावर कॅमेरा. मागवला. तानाबाईचे साथीदार असणारच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १२.
कॅमेरा चोरीला गेला.
आज मी स्वतः दहापासून खुर्ची टाकून दारात बसलो होतो. उठलो नाही. चहासुद्धा तिथंच. ११.३८ ला फोन आला, सर, दारात हाय. मी म्हटलं, मीही दारात हाय. तो म्हणाला, दिसत न्हाय. मी म्हटलं, मलाही तू दिसत न्हाईस, चष्मा लाव आणि पार्सल ठेव. ११.४२ ला डिलिव्हर्ड. माझ्या डोळ्यांदेखत. खोकं नाही, माणूस नाही.
रुद्राप्पा मास्तर खालच्या पायरीवरनं वर बघत म्हणाले, धैर्यशीलराव, चोर तुम्हाला ओलांडून गेला म्हणायचा. मी हसलो नाही. ही टोळी हाय-टेक आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
संयोगितानं परस्पर पुण्याला ऋतुराजला फोन लावला. मुलगा माझाच, पण आईचं ऐकतो. त्यानं ॲप उघडायला लावलं, पत्ता वाचा म्हणाला. मी आवाज चढवून वाचला. मंगळवार पेठ.
तो म्हणाला, बाबा, डिफॉल्ट ॲड्रेस बदलला नाही तुम्ही.
ॲपनं विचारायला पाहिजे होतं की घर बदललंत का. इतकी साधी अक्कल नाही या लोकांना.

१६ नोव्हेंबर, रविवार.
जुन्या घरी गेलो. दार निळं. आमच्या वेळी हिरवं होतं. रंग बदलताना कुणाला विचारायची पद्धत नाही.
नवी भाडेकरीण शिवांजली, चांगली मुलगी. तिन्ही खोकी कपाटावर नीट ठेवलेली. पट्ट्याचं खोकंसुद्धा फोडलं नव्हतं. म्हणाली, काका, खोक्यावर तुमचं नाव होतं पण नंबर पुसट. शेजारच्यांकडं तानाबाई कामाला येतात, त्या तुमच्याकडंही जातात म्हणे, त्यांच्याजवळ द्यायचं ठरवलं होतं. पण गेल्या मंगळवारपासून त्या गल्लीतच दिसत न्हाईत. तब्येत बरी नसंल का त्यांची?
मी म्हटलं, चौकशी करतो.
कॅमेरा दारावर बसवला नाही. कुणावर बसवणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
तानाबाईच्या गावी, गडमुडशिंगीला गेलो. संयोगिता म्हणाली, माफी मागितल्याशिवाय घरी येऊ नका. तानाबाई अंगणात शेंगा निवडत होती. ग्रुपवरचा मेसेज कुणीतरी पुढं पाठवला, तो जुन्या गल्लीत पोचला आणि तिची तिथली दोन्ही कामं गेली होती. हे मला माहीत नव्हतं.
मी तिला डिफॉल्ट ॲड्रेसची पद्धत पंधरा मिनिटं समजावून सांगितली. मग फोटो दाखवला. तिनं एकदाच बघितलं. म्हणाली, ह्ये जुन्या घराचं दार न्हवं का. मी रोज त्याच्याम्होरनं जायची.
मी पाणी प्यालो.
ती म्हणाली, सायेब, मी चोर न्हाय, एवढं जिथं ल्हिलंय तिथं ल्ह्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
मसुदे चालू. पहिला : ‘तांत्रिक कारणांमुळे गैरसमज’. दुसरा : ‘ॲपच्या चुकीमुळे’. संयोगितानं चष्मा लावून वाचले आणि दोन्ही वेळा मोबाईल परत दिला. सातवा मसुदा : ‘तानाबाईंनी काही चोरलं नव्हतं. पत्ता मीच चुकीचा टाकला होता. त्यांच्यावर आळ घेतला, त्याबद्दल माफी.’
टाकला. हात जोडले कुणी नाहीत. रुद्राप्पा मास्तरांनी फक्त लिहिलं : शुद्धलेखन बरोबर.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५.
तानाबाईला वाचता येत नाही, म्हणून मेसेज वाचून दाखवायला गेलो. अंगणात सात-आठ बायका होत्या. बसा पावणं, म्हणाल्या. मी वाचला. तानाबाई म्हणाली, मागं ऐकू गेलं न्हाय, जरा मोठ्यांदा. पुन्हा वाचला. मग तिची सासू आतनं आली, म्हातारीला कमी ऐकू येतं. तिच्या कानाशी बसून तिसऱ्यांदा वाचला. या वेळी ‘ॲप’ वगैरे काही मनातसुद्धा आलं नाही.
तानाबाईनं चहा दिला. मी विचारलं, मग उद्यापासनं येतीस? ती म्हणाली, न्हाय सायेब. रुद्राप्पा मास्तरांच्यात काम धरलंया, येत्या सोमवारपासनं. तुमच्याच जिन्यानं येनार की, भेटू.
बसनं परत आलो. पातेलं कालचं भिजत पडलंय.