निघण्यापासून मोजलेलं साल

प्रिय भिंगरी,

आधी शांत बस. बातमी चांगली आहे, पण मी ती शेवटीच सांगणार. माझी खोड तुला माहीतच आहे.

काल मोहरमचा चाँद दिसला, नवं हिजरी साल लागलं. अब्बांनी सुतारकाम लवकर आटोपलं आणि दरवर्षीप्रमाणे गल्लीतली पोरं आपल्या पुढच्या खोलीत जमली. तीच गोष्ट, तोच सूर, तुला तर तोंडपाठ असेल. मक्केत जगणं कठीण झालं, तेव्हा पैगंबरसाहेब आणि त्यांची माणसं घरदार मागे टाकून मदिनेला गेली. पुढे खलिफा उमर यांच्या काळात साल कुठून मोजायचं याचा खल झाला. कुणी म्हणालं जन्मापासून, कुणी आणखी काही. ठरलं ते हिजरतीपासून, म्हणजे घर सोडून निघण्यापासून. एवढं सांगून अब्बा अडखळले, उगाच चष्मा पुसत बसले आणि पोरांना लवकर घरी पाठवलं. जेवलेही नीट नाहीत.

तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हापासून या माणसाने तुझं नाव घेतलं नव्हतं. बाईने सोसावं, हे त्यांचं पालुपद. तुझ्या दंडावरचे वळ मी सांगितले, तरी खाली मान घालून रंधा मारत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मीही बोलणं सोडलं होतं.

आज सकाळी तुझा नवरा आला. नवं साल आहे, झालं गेलं विसरू, बायकोला घेऊन जातो, अशी साखरपेरणी चालली होती. तुझा पत्ता मागत होता. मला वाटलं, आता देऊन टाकतील, कारण जावयापुढे अब्बांचं तोंड कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. पण त्यांनी त्याला घरात घेतलंच नाही. दारात आडवे उभे राहिले आणि आवाज न चढवता सांगितलं की माझी लेक परत येणार नाही, पत्ता मिळणार नाही. तो पाय आपटत गेला. मग हे पायरीवर बसले. मी चहा दिला आणि शेजारी बसून पोटभर रडले. पोरी, किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

आता पत्राचं कारण. शुक्रवारी दुपारी अब्बा तुझ्याकडे येताहेत. फोनवर बोलायचा त्यांना धीर होत नाही. कुणी दार वाजवलं की तू दिवा मालवून श्वास रोखून बसतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच कळवते. ते एकटेच असतील. दार उघड.

तुझीच,
अम्मी