तडजोडीचं पत्र

१२ फेब्रुवारी २००८
व्हॅन नेली! शाळेच्या फाटकाशीच. तीन हप्ते थकले होते, कबूल — पण पोरं आत बसलेली! वसुलीवाला म्हणाला, "चाबी दे दो साब, तमाशा नक्को." पोरांना उतरवलं, दप्तरं एकेकाच्या हातात दिली. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन हा धंदा मांडला होता. घरी चालत आलो. कमल एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

१३ फेब्रुवारी
एक बरं झालं. गाडीबरोबर कर्जही गेलं.

२७ मार्च
कुठलं जातंय! लिलावात व्हॅन मातीमोल विकली, आणि उरलेले बासष्ट हजार माझ्याच डोक्यावर.

९ एप्रिल
आयुष्यभर कोठीच्या बाजारात घासाघीस केली, ती आज कामी आली. फायनान्सवाल्यासमोरून तीनदा उठलो, तीनदा त्यानं परत बसवलं. पस्तीस हजारांवर तोडलं! "क्या साब, हमकोच लूट लिए," म्हणाला. कमलच्या पाटल्या गेल्या, पण तडजोडीचं पत्र खिशात आहे. येताना जिलबी आणली.

३० जुलै
मेघनाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज मागितलं होतं — नामंजूर. बँकेतले एकनाथराव जुन्या ओळखीचे, त्यांनी बाजूला बसवून सांगितलं. "सहकर्जदार तुम्ही. तुमच्या नावापुढे गाडी जप्त, कर्ज अर्धवट भरून मिटवलेलं, असं दिसतंय." मी ऐटीत पत्र पुढे केलं. ते म्हणाले, "हिम्मतराव, हेच तर नडतंय." कुठल्याही बँकेत गेलो तरी हेच दिसणार, कित्येक वर्षं.
मेघना शेजारीच बसली होती. सत्तावीस हजार वाचवले म्हणून जिलबी खाल्ली मी! माझ्याइतका मूर्ख साऱ्या नल्लकुंट्यात नसेल.

३१ जुलै
दिवसभर पडून. दाढी नाही, अंघोळ नाही.

१८ ऑगस्ट
मेघना म्हणाली, "नंबर नाही लागला, बाबा. बी.एस्सी. करते मी." लिहायला लाज वाटते — मला हायसं वाटलं. नंबरच नाही, तर मग माझ्यामुळे काही अडलं नाही. आज पोटभर जेवलो.

२ सप्टेंबर
रद्दी बांधताना कॉलेजचं पत्र हाती लागलं. मेघनाचा नंबर पहिल्याच यादीत लागला होता. फी भरायची मुदत २५ ऑगस्टला संपली.
पत्र होतं तिथेच ठेवलं. मला कळलंय हे तिला कळू देणार नाही.