माहेर म्हणून ठेवायचे घर

चिंचवड, ता. २३ नोव्हेंबर १९५८

हा कागद उघडला जाईल तेव्हा तो बहुधा प्रथम माझा धाकटा भाऊ मालोजी हिंदुराव मोहिते, राहणार खेड, याच्या हाती पडेल. म्हणून आरंभीच त्याची क्षमा मागते. चार वर्षे मी त्याला पत्र लिहिले नाही. त्याच्या पत्रांना उत्तर दिले नाही, भाचीच्या लग्नाला गेले नाही. रागाचे कारण खरे होते आणि ते पुढे लिहिणार आहे. पण पहिल्या वर्षानंतरचे मौन रागाचे होते की नुसत्या सवयीचे, हे मला नीट सांगता येत नाही.

मी, कुसुम मोहिते, वय वर्षे शेहेचाळीस, बी. ए., धंदा शिक्षिका, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. छातीत गाठ आहे आणि पुढच्या आठवड्यात पुण्यास शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर धीर देतात, पण घरची व्यवस्था लावून या असेही म्हणतात. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. ज्यांच्या कानावर घातले त्यांनी उलट परावृत्तच केले.

कलम १. घर कसे आले आणि त्याचे काय झाले.

स्टेशनाहून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरचे चार खोल्यांचे कौलारू घर, पुढची पडवी, परसातली विहीर आणि कुंपणाच्या आतली जागा ही माझ्या एकटीच्या मालकीची आहे. वडील हिंदुराव मोहिते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी स्वकमाईतून घर बांधले आणि हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. खेडची जमीन त्यांनी मालोजीस दिली, तेव्हा वाटणीत अन्याय झाला असे कोणी म्हणू नये. सतराव्या वर्षी विधवा होऊन मी याच घरात परत आले. वडिलांनी किती दिवस राहणार असे विचारले नाही. पुण्यातल्या शाळेत माझे नाव घालून आले आणि मग आईला सांगितले. सगळ्यांनाच असे माहेर मिळत नाही, हे मला फार उशिरा कळले.

कळले ते बरकतमुळे. बरकत स्टेशनवर टांगा चालवतो. एका संध्याकाळी त्याने एका बाईला माझ्या दारात आणून उतरवले. तिच्या कडेवर मूल आणि काखेत एक पितळी तांब्या.

"धर्मशाळेत नेली होती, बाई," तो म्हणाला. "तिथला म्हणतो, सोबत बाप्या कोण? मी म्हटलं, मी टांगेवाला. तर म्हणतो, मग टांग्यातच ठेव."

ती राहिली आणि मग दुसरी आली. चावडीत एकट्या बाईला बसू देत नाहीत, देवळात गुरव उठवतो, स्टेशनवरचे लोक तर काय काय विचारतात. दहा वर्षांत किती जणी येऊन गेल्या हे मी मोजलेले नाही आणि कोणी मोजू नये.

बरकतची बायको नूरबी महाळुंगे, निघोजे, चाकणच्या बाजूला खेड्यांतून बांगड्या भरते. बांगड्या भरताना बाईचा हात हातात घ्यावा लागतो आणि बाही वर सरकते. तिथे काय दिसते ते नूरबीला दिसते. सासूसमोर ती काही बोलत नाही. हात दाबता दाबता हळूच विचारते, "माहेरी कोण हाय?" उत्तर 'कोणी न्हाई' असे आले आणि बाईने डोळे वर केले, की पुढच्या आठवड्यात बरकत टांगा घेऊन, मावशीने बोलावले आहे असे सांगत, त्या दारात मुराळी म्हणून उभा राहतो. लेकीला माहेरी न्यायला आलेल्या मुराळ्याला आमच्याकडे कोणी सहसा मोकळा परत पाठवत नाही. लोक काय म्हणतील याची भीती त्यांनाही असते.

निघोज्याला एका म्हातारीने बरकतला अडवले होते. "मावशीनं बोलावलंय? हिला मावशीच न्हाई."

"न्हाई कशी, आजी? मग मी घोडं कुणाच्या दाण्यावर पळवत आलो?"

"आन् मावशीला मुसलमानाचा टांगा बरा चालतो?"

"मावशीला चालतो. घोड्याला तेवढं विचारायचं ऱ्हायलं."

म्हातारी हसली आणि सून टांग्यात बसली. ती गोजाबाई. बीडकडची, आईबाप दुष्काळात गेलेले. नवरा सयाजी पिंपरीला नव्या कारखान्यांच्या बांधकामावर मुकादम आहे. कामावर तो शांत आणि हुशार म्हणून ओळखला जातो. हे मी मुद्दाम लिहिते. पुष्कळ जण अशा माणसाला राक्षस समजून शोधतात आणि त्यामुळे तो त्यांना सापडत नाही.

ही युक्ती म्हणजे खोटे बोलणे आहे, हे मला ठाऊक आहे. शाळेत मुलींना मी खरे बोलण्याचा धडा देते आणि घरी येऊन कोणाची तरी मावशी होते. याचा निकाल मला लावता आलेला नाही. मृत्युपत्रात तो लागेल अशी आशाही नाही.

कलम २. किरकोळ वस्तू.

शिवणयंत्र नूरबीची मुलगी शहाजादी हिला. तिला काज करणे अजून जमत नाही, ते गोजाबाईने शिकवावे. पुस्तके शाळेला. पडवीलगतची जागा घोडा आणि टांगा बांधण्यासाठी बरकतकडे आहे ती त्याच्या हयातीत त्याच्याकडेच राहावी. बँकेत आहे ते घराची कौले, डाळ-तांदूळ आणि औषध यांसाठी. माझ्या दिवसकार्यावर त्यातले काही घालवू नये. रोजनिश्या बंबात घालाव्यात. त्यांत गुपित काही नाही, बहुतेक पानांवर मी स्वतःशीच भांडले आहे आणि ते वाचणाऱ्यास कंटाळा येईल.

शेजारी यशवंतराव यांना विहिरीचे पाणी पूर्वीप्रमाणे मिळावे. या घरात कसल्या बायका येतात म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला होता. माझ्याविषयी ते जे जे बोलले ते बहुतेक याच विहिरीवर, घागर भरता भरता बोलले. "मास्तरीणबाई, ही धर्मशाळा बंद कधी करणार?" असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "गावातली मारझोड बंद झाली की. तुमच्या घरापासून सुरुवात करू या का?" हे मी बोलायला नको होते. त्यांच्या घरात तसे काही नाही. पाणी मात्र त्या बोलण्याची भरपाई म्हणून देत नाही, तहान सगळ्यांना लागते म्हणून देते.

कलम ३. मालोजी.

चार वर्षांपूर्वी श्रावणात मालोजी आठ दिवस माझ्याकडे राहायला आला होता. मी शाळेत गेले असता सयाजी गावातली दोन माणसे, लुगडे आणि नारळ घेऊन आला. मालोजीच्या पाया पडला. घरात पुरुष माणूस तेवढा मालोजी. त्याने सतरंजी टाकली, "बसा, दाजी" म्हणाला, चहा करवला. माहेरच्या भावाने करायचे ते सगळे त्याने केले. शेजारच्या सवाष्णीला बोलावून गोजाबाईची ओटी भरवली आणि तिला टांग्यापर्यंत पोचवले. टांगा बरकतचा नव्हता.

मी घरी आले तेव्हा तो समाधानाने पान लावत होता. "अक्का, मिटलं बघ. रडला गं तो माझ्यापुढं."

"आणि ती?"

"ती कशाला रडेल? काही बोलली नाही. ओटी घेतली की तिनं."

दिवाळीच्या आत नूरबीने तिला चाकणच्या दवाखान्यातून आणले. उजवा हात खांद्यापासून मोडला होता. तो आजही डोक्याच्या वर जात नाही, वेणी दुसऱ्या कोणाला घालावी लागते. त्या दिवशी तोंडाने नको का म्हणाली नाहीस, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "वटी भरल्यावर कसं म्हणू, बाई? पदरात नारळ घिऊन कुणी मागं फिरतं व्हय?"

मी मालोजीला लिहिले की या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. ते माझे शेवटचे पत्र.

त्याने वाईट हेतूने काही केले नाही. चांगला भाऊ जसा वागतो तसाच तो वागला, आणि तेच मला सहन होत नव्हते.

कलम ४. घर कोणाकडे.

गेल्या उन्हाळ्यात सयाजी पुन्हा आला, सोबत चार माणसे. दारातच त्याने विचारले, "घरात बाप्या कोण हाय?"

बरकत घोड्याचा खरारा टाकून पुढे झाला.

"तू मधी कोण रं, टांगेवाल्या?"

"मी या घरचा मुराळी."

ते खो खो हसले. एकाने त्याच्याच टांग्यातला चाबूक उचलून त्याच्या पाठीवर ओढला. बरकत तिथून हलला नाही. मी पोलिसांत जाण्याचे बोलले तेव्हा सयाजीने अगदी अदबीने हात जोडले. "तुमी हाय तवर हाय, मास्तरीणबाई. पुढचं पुढं बघू."

ते वाक्य डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा मला अधिक लागले आहे. मी नसले तर हे घर काय राहील? कारखाने येत आहेत, मजुरांना खोल्या हव्या आहेत, या जागेसाठी दलाल दोनदा येऊन गेले. कायद्याने माझा वारस मालोजी. तो घर विकील असे मी म्हणत नाही. पण दारात कोणी रडत आला तर तो सतरंजी टाकील, एवढे मला माहीत आहे.

असे असूनही मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

घर तीन विश्वस्तांच्या ताब्यात राहील. नूरबी, गोजाबाई आणि मालोजी. घर विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. घराबाहेर काढलेली किंवा मार चुकवून आलेली कोणतीही बाई, जात-धर्म न विचारता, मुलांसह येथे राहील. खोलीत जागा नसेल तर पडवीत, पडवीत नसेल तर माझ्या खाटेवर. तिला घरात घेण्यास तिघांपैकी एकाची संमती पुरे. तिला जायला सांगण्याचा अधिकार तिघांनाही नाही.

ती उंबऱ्याशी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायावर पाणी घालावे. जेवेपर्यंत काही विचारू नये. तिने स्वतः मागितल्याखेरीज या घरात कोणत्याही बाईची ओटी भरू नये. एखादी आपण होऊन परत जाते म्हणाली तर तिला अडवू नये. अशा काही जणींना मी अडवले नाही, आणि अडवायला हवे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ती पुन्हा आली तर 'सांगितलं होतं' हे शब्द कोणी उच्चारू नयेत.

मालोजीच का, असे विचारले जाईल. वकिलांचे कारण असे की तो विश्वस्त झाला तर मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात जाणार नाही. माझे कारण निराळे आहे. चाबूक उगारणारी माणसे नूरबीला मोजत नाहीत, मलाही फारसे मोजत नाहीत. ती भावाला मोजतात. जग असे आहे हे मला आवडत नाही, पण सयाजी दारात येईल तेव्हा जग बदललेले नसेल. माहेर ठेवायचे तर त्याला भाऊ हवा. जो एकदा चुकीच्या बाजूला उभा राहिला त्याला चूक कुठे होते हे तरी ठाऊक असते, असे मी धरून चालले आहे.

याला आधार एवढाच की यंदाच्या भाऊबीजेला, इतक्या वर्षांनी, मालोजीने माणसाबरोबर लुगडी पाठवली. चिठ्ठी नव्हती. माणूस म्हणाला, "एक अक्कांना आन् एक त्या दुसऱ्या बहिणीला, असं सांगितलंय." मी माझे नेसले. गोजाबाईने तिच्या लुगड्याची घडीसुद्धा मोडलेली नाही.

मालोजी, तू हे वाचत असशील तर कलम समजून घे. तुला घर दिलेले नाही. दारात उभे राहायचे काम दिले आहे. कोणी पाया पडला तरी आधी आत वळून तिला विचारायचे, आणि ती गप्प राहिली तर ते नको असे समजायचे.

याप्रमाणे माझी शेवटची इच्छा आहे. पूर्वी असे काही लिहून ठेवलेले नाही.

साक्षीदार: सुभद्राबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चिंचवड. कोंडाजी, टपालवाले, चिंचवड. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही. उद्या दुपारी दोघे येणार आहेत.

ठिकाण: चिंचवड.

सही:

सहीची जागा कोरी ठेवली आहे. टाक हाती घेतला होता. इतके सगळे लिहिताना, जिचा हात मोडला त्या गोजाबाईला मी तिला परत पाठवणाऱ्या मालोजीच्याच शेजारी विश्वस्त म्हणून बसवले, आणि तिला याचा एक शब्दही ठाऊक नाही. ती परसात भांडी घासते आहे, आवाज इथवर येतो आहे.

उद्या: साक्षीदार येण्याआधी गोजाबाईला कलम चार वाचून दाखवणे, आणि ती गप्प राहिली तर मालोजीचे नाव खोडणे.