बन्सी गोलकीपरचा चातुर्मास

फैजपूर,
भाद्रपद वद्य तृतीया, १९७१

प्रिय मोहनभाऊ,

फैजपूरहून भाईदास सायकलवाल्याचा रामराम वाचावा. तुमचं क्षमापनेचं कार्ड पोचलं. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असल्यास माफी असावी, असं तुम्ही छापून पाठवलं आहे. (छपाई सुरेख. कार्ड दुकानात आरशाशेजारी लावलं आहे.) माझ्याकडून माफी आहेच, पण हे पत्र संपेपर्यंत तुमच्याकडूनही मला थोडी लागेल, तेवढी हाताशी ठेवावी. प्रेमकुंवरवहिनींचे गुडघे कसे आहेत? धुळ्याचं पाणी तुम्हाला मानवलेलं दिसतं. परवा तिकडून आलेला एक कंडक्टर सांगत होता की शेठ आता दुकानाच्या गादीवर आडवे मावत नाहीत. ऐकून समाधान वाटलं. इकडे तुमचे थोरले बंधू भिकमचंदशेठ, त्यांचं कापडदुकान आणि मातोश्री सूरजअक्का सर्व खुशाल. अक्कांच्या तब्येतीचं तर विचारूच नका. आख्ख्या टीममध्ये त्यांच्याइतका दम कुणात नाही, आणि माझ्या सगळ्या अडचणींचं मूळही तेच आहे.

कार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीनं हळूच विचारलं आहे, ‘आपल्या टीमचं काय? शिल्ड येते का?’ मोहनभाऊ, येते म्हणजे काय, आल्यातच जमा आहे. अर्धा सीझन उलटला, अर्धा उरला आहे, आणि माझ्या दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी जी तज्ज्ञ मंडळी बसते तिचं एकमतानं म्हणणं असं पडलं की यंदा फैजपूरला तोड नाही. सध्या आपण शेवटच्या नंबरवर आहोत ही गोष्ट खरी. पण शेवटचं असण्यातही फरक असतो. काही टीम शेवटच्या असतात कारण त्यांना खेळता येत नाही. आपण शेवटचे आहोत ते निव्वळ हरल्यामुळे. पहिला सामना चिखलानं घालवला (चिखल दोन्ही टीमना होता, पण आपल्या बाजूचा जास्त चिकट होता), दुसरा पंचांनी घालवला, आणि तिसरा आपण जिंकतच होतो, तेवढ्यात समोरच्यांनी तीन गोल केले. एक सामना मात्र आपण निर्विवाद जिंकला आहे. त्या दिवशी नाल्याला पूर आला आणि समोरच्या टीमची गाडी पलीकडेच अडकली. आली असती तरी हरलीच असती, हे त्यांच्या ड्रायव्हरनंही मान्य केलं.

आपला सेंटर फॉरवर्ड भटू तुम्ही पाहिलेला नाही. अमळनेरकडचा गडी, स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरतो. अंगात रेड्याची ताकद, पण वर्षानुवर्षं घड उचलून त्याच्या अंगात एक प्रकारची माया मुरली आहे. बॉल पायाशी आला की तो आधी त्याला जपून थांबवतो, डाग पडला नाही ना ते बघतो आणि मग मारतो. तोवर समोरचे चार जण येऊन ठेपतात. मी काही बोललो तर म्हणतो, “काही काळजी करू नका भाऊ, मी शे ना!” तो आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती. शंका आहे ती गोलबद्दल. तरी पुढच्या अर्ध्यात तो पेटणार असं सगळ्यांचं मत आहे, कारण आता केळीचा हंगाम उतरतो आणि त्याचा हात (म्हणजे पाय) मोकळा होईल.

पण आपली खरी मदार आहे ती तुमच्या पुतण्यावर, भिकमचंदशेठच्या बन्सीलालवर. हा पोरगा जूनमध्ये आपला सेंटर हाफ होता आणि ठीकठाकच खेळत होता. मग चातुर्मास बसला. अक्कांनी त्याला जैन स्थानकात नेऊन महाराजसाहेबांसमोर उभं केलं आणि नेम देववला: चार महिने हिरव्यावर पाय ठेवायचा नाही, जीव मरतात. नेम थोर आहे, मी काही बोलत नाही. पण मोहनभाऊ, फुटबॉल पावसाळ्यात खेळतात आणि पावसाळ्यात मैदान हिरवं असतं, याला कोण काय करणार! ओट्यावरची मंडळी दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटाच मैदानावर गेलो आणि तिथं मला साक्षात्कार झाला. दोन्ही गोलांच्या तोंडाशी गवताचं पातंसुद्धा नव्हतं. वर्षानुवर्षं तिथं तुडवातुडव होऊन जमीन तुळतुळीत झाली आहे. म्हणजे आख्ख्या मैदानात धर्माला अनुकूल अशा दोनच जागा, आणि दोन्ही गोलकीपरच्या. मी तसाच पळत कापडदुकानात गेलो. अशा रीतीनं बन्सी गोलकीपर झाला आणि (मी शपथेवर सांगतो) गेल्या वीस वर्षांत फैजपूरला असा गोलकीपर मिळाला नव्हता.

त्याची पद्धत जरा निराळी आहे. सगळी टीम मैदानात धावत उतरते. हा एकटा बांधावरून, लांबून वळसा घालून आपल्या गोलात पोचतो. हाफटाइमला बाजू बदलायची तर पुन्हा सगळा वळसा. तोवर पंच शिट्टी तोंडात धरून उभे राहतात. (बहुतेक पंच समजूतदार आहेत. एकानं तर तेवढ्यात विडी ओढून घेतली.) सामना सुरू होण्याआधी बन्सी लोकरीच्या मऊ पुंजणीनं गोलातल्या मुंग्या अलगद बाजूला सारतो. हे पाहून एका टीमच्या कॅप्टननं लेखी तक्रार केली की फैजपूरवाले गोलात जादूटोणा करतात. बॉल हाताच्या अंतरावर पण गवतात पडला तर तो काही केल्या पुढे पाऊल टाकत नाही. तिथूनच भटूला हाका मारतो. पण एकदा का बॉल त्याच्या मातीवर आला, की मग पोरगा असा झेपावतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. जळगावच्या सामन्याला उशीर झाला आणि सूर्य टेकायला आला. दिवे लागायच्या आत त्याला जेवलं पाहिजे, म्हणून अक्कांनी डबा सोबत दिलेलाच होता. बॉल पलीकडे गेलेला पाहून त्यानं गोलाच्या खांबाशी उकिडवं बसून दोन घास खाल्ले. तेवढ्यात हल्ला आला. डाव्या हातात पोळी तशीच धरून त्यानं उजव्या हातानं बॉल बाहेर काढला. जळगावचे लोकसुद्धा उभे राहिले हो! सामना बरोबरीत सुटला, आणि त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

आता गोम ऐका. पुढचा सामना दीपनगरला आहे, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. वीजघराची ती नवी कॉलनी तुम्ही पाहिली नसेल. रस्ते सरळ, घरं एका मापाची, आणि मैदानाला तर रोज नळीनं पाणी. तिथं एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत, कोपऱ्यांसकट, गालिच्यासारखी हिरवळ आहे. गोलाच्या तोंडाशीसुद्धा! लोकांना कौतुक वाटतं. मी ते पाहिलं आणि मातीचा एखादा ठिपका तरी मिळतो का ते वाकून शोधलं. बरं, हा सामना साधा नाही. यंदा शेवटच्या नंबरावर राहील त्या टीमला पुढच्या वर्षी खेळता येणार नाही आणि तिची जागा सावद्याला मिळणार, असं कमिटीनं ठरवलं आहे. सावद्याला, मोहनभाऊ! दोन कोसांवरचं गाव. आपण घरी बसायचं आणि त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये बसून गुलाल उधळत जायचं. दीपनगरला हरलो तर वर येणं अवघड आहे. (अवघडच, अशक्य असं ओट्यावर कुणी म्हणालेलं नाही.)

अक्कांकडे मी रदबदली करून पाहिली. पायात बूट असतील, म्हटलं. त्या म्हणाल्या, “बुटाखाली जीव मरत न्हाई का रे, भाईदास?” मग भटूनं एक युक्ती काढली आणि मी मूर्खासारखा हो म्हणालो. त्यानं ओळखीच्या एका धनगराच्या बकऱ्या घेतल्या आणि भल्या पहाटे दीपनगरला नेल्या, की एका सकाळीत गोलाचं तोंड साफ करून आणावं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, बकऱ्या कोणाच्या? भटू खोटं बोलत नाही. तो म्हणाला, टीमच्या. पहारेकरी बुचकळ्यात पडून वरच्या माणसाला विचारायला गेला, तेवढ्यात बकऱ्या आत शिरल्या. मैदानाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एका साहेबाच्या बंगल्यातले गुलाब, शेवंती आणि दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेल एवढं खाऊन त्या आपणहून परत आल्या. मी स्वतः जाऊन साहेबांची माफी मागितली. माणूस भला; त्यांनी मला चहा दिला आणि बकऱ्या कोणत्या जागी खेळतात ते विचारलं.

तुम्ही म्हणाल, भाईदास, चाळिशी उलटली, एका खेळापायी किती जिवाला लावून घेशील? आमच्या घरी कमलही हेच म्हणते. पण भाऊ, तुम्हाला खरं सांगतो. आम्हाला मूलबाळ नाही. आठवडाभर मी लोकांची पंक्चरं काढतो आणि रविवारी संध्याकाळी त्या बांधावर जाऊन बसतो. तिथं मळेवाले, हमाल, दुकानदार, मास्तर सगळे एका ओळीत बसून एकाच पोराच्या नावानं ओरडतात. त्या वेळी मला आपलं घर भरलेलं वाटतं. टीम गेली तर रविवारी संध्याकाळी मी कुठं जाऊ, हे मला माहीत नाही. असो. बाकी काळजीचं काही कारण नाही. शिल्ड ठेवायला दुकानात फळी ठोकून घेतली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
भाईदास

ता.क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. बन्सी मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, दीपनगरला मी गवतावर उतरतो आणि मागाहून प्रायश्चित्त घेतो, पण आजी गावात असताना माझा पाय उचलायचा न्हाई.” तेव्हा तुम्ही एवढंच करा: त्या रविवारच्या सुमारास अक्कांना चार दिवस धुळ्याला बोलावून घ्या. तिकडेही एका महाराजसाहेबांचा चातुर्मास आहेच. दर्शन होईल, व्याख्यान होईल, लेकाची भेट होईल. म्हणजे पुण्यही आणि गोलकीपरही. वेळ थोडा म्हणून तुमचं बोलावणं आलं असं मी त्यांना आजच सांगून टाकलं आहे. वर माफी हाताशी ठेवा म्हटलं ती याचसाठी.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच अक्का स्वतः दुकानावर आल्या. अतिशय आनंदात आहेत. मोहननं आठवण काढली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या एस.टी.नं निघतात. तुमच्यासाठी पापड, लोणचं बांधून झालं आहे. आणि ट्रंक उचलायला, सोबतीला बन्सीला नेतात! त्याला तसं सांगूनही झालं. मी म्हटलं, अक्का, दुसरं कुणी सोबत दिलं तर? त्या म्हणाल्या, “नातू असताना मी परक्यासंगं जाऊ का रे?” मोहनभाऊ, म्हातारं माणूस एकटं गावाला जात नाही एवढी साधी गोष्ट ओट्यावरच्या एकाही तज्ज्ञाला सुचली नाही. आता ‘येऊ नको’ असं तुम्ही आईला लिहू शकत नाही, आणि तिचा तो चेहरा पाहिल्यावर मीही तुम्हाला लिहा म्हणू शकत नाही.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. भटूशी बोललो. मार्ग एकच उरतो. अक्कांना वहिनींच्या हवाली करावं आणि तुम्ही स्वतः रविवारी दुपारपर्यंत दीपनगरला यावं. शाळेत असताना तुम्ही गोलात उभे राहत होता. एकदा बॉल अडवलाही होता, मी तिथं होतो. सवय गेली असेल, हरकत नाही. कंडक्टरनं सांगितलं ते खरं असेल तर निम्मा गोल तुम्ही नुसते उभे राहूनच झाकाल, उरलेला भटू बघेल. सर्वांत मोठी चड्डी शिवायला टाकली आहे. फक्त यंदा तुम्ही कोणता नेम घेतला आहे ते उलट टपाली कळवा. कांदा, बटाटा, रात्रीचं जेवण, पलंगावर झोपणं, काहीही सोडलं असेल तरी चालेल. अक्कांनी तुम्हालाही हिरव्यावर पाय ठेवणं सोडायला लावलं असेल तर मात्र कळवू नका. सामन्यापर्यंत तरी मला जिंकू द्या.