दांडा वजा जाता उरलेला मी

स्वस्ति श्री सकलगुणालंकृत, विसरवाडी-महामार्ग-भूषण, टायर-ट्यूब-पंक्चर-चक्रवर्ती, ज्येष्ठ साडूवर्य रतिलालभाई यांचे चरणी म्हसावदहून हेमकांतचा यथाशक्ति वाकून (म्हणजे मनातल्या मनात) नमस्कार. आपली संधिवाताची कळ शमली असावी. आमचे येथे सर्व क्षेम. माझे क्षेम किंचित अधिक, म्हणजे दीडशे किलो.

जठर आकुंचित करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सुरतेच्या डॉक्टरांनी मला प्रतीक्षायादीत घेतले आहे, हे आपण जाणताच. दर पंधरवड्यास वजन कळवावे, अशी आज्ञा आहे. आमचा घरचा काटा एकशे वीसनंतर मौन धारण करतो. सबब मी केळीच्या वखारीतील काट्यावर आरूढ झालो. तोलणाऱ्या नवलसिंगने सवयीने शंभरामागे आठ किलो घडाच्या दांड्याचे वजा केले. (नंतर विचारले तेव्हा म्हणाला, "दांडा त कापनाच पडस ना, आप्पा!") मी ती चिठ्ठी न वाचताच तिचे छायाचित्र सुरतेस धाडले. तेथे हर्ष झाला. पंधरवड्यात बारा किलो! अशा निग्रही पुरुषास शस्त्राची घाई नको, म्हणून माझी तारीख दोन महिने पुढे गेली.

चूक त्याच सायंकाळी लक्षात आली, तरी आठ दिवस मी अभिनंदने स्वीकारत राहिलो. अखेर चिठ्ठी आपल्या मेव्हणीच्या हाती पडली. तीवर 'माल : केळी' असे स्वच्छ लिहिलेले. नूतन म्हणाली, "वजन तुमनं उतरनं, का केळीस्नं?"

भय शस्त्राचे नव्हते, रतिलालभाई. सुरतेच्या दवाखान्यातील समुपदेशिका ममताबेन यांनी विचारले होते, "वजन उतरल्यावर तुम्ही कोण असाल?" मी म्हणालो, "अर्धा हेमकांत." त्यांनी ते लिहून घेतले, हसल्या नाहीत. गाव हसण्याआधी आपण हसावे, हा माझा तीस वर्षांचा नित्यनेम. पंगतीत यजमान मला प्रथम बसवतात, मंडळी विनोदाची वाट पाहतात. उद्या सडपातळ झालेला मी कोणत्या विषयावर बोलू? गुडघे म्हणतात, तारीख घे; जिव्हा म्हणते, थांब.

आपला भारदस्त,
हेमकांत

ता. क. काल ममताबेनना दूरध्वनीवर सर्व सांगितले. तारीख पूर्ववत होईल. मात्र गुरुवारच्या भेटीस, मला स्थूल होण्यापूर्वीपासून ओळखणारा कोणी सोबत आणावा, म्हणाल्या. नूतनने मला पाहिले तेच असे; त्याआधीपासून ओळखणारी हयात व्यक्ती, हे स्थळ सुचवणारे आपण एकच. दुकान एक दिवस बंद ठेवाल का? मी तेव्हा कसा होतो, ते मलाही ऐकायचे आहे.

ता. क. दोन. तेथील प्रतीक्षागृहातील झाडून सर्व खुर्च्यांना दोन्ही बाजूंस हात आहेत. स्थूलांच्याच दवाखान्यात! मागील खेपेस मी अडीच तास उभा होतो. तक्रार कोठे करावी, हे विचारण्याची खिडकीही अरुंद आहे.