अहिल्येच्या दुकानाचं नाव

नोएडा, सेक्टर एकावन्न
नोव्हेंबर २००४, रविवार

तीर्थरूप ताईस,

श्यामचा वाकून नमस्कार. (कमरेमुळे प्रत्यक्ष वाकणं जमत नाही, तेव्हा हा मनाने केलेला समजावा.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे भावजींच्या फोनवरून कळलं. आता स्पष्ट दिसत असेल तर हे पत्र तूच वाच, भावजींना वाचायला देऊ नकोस. का ते पुढे कळेल. इकडे आम्ही बरे आहोत. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला आल्यापासून हवा भरपूर मिळते, कारण समोर अजून काही बांधलेलंच नाही. सेक्टर, ब्लॉक, पॉकेट आणि टॉवर एवढं सगळं सांगूनही रिक्षावाला शेवटी आम्हालाच विचारतो, "जाना कहाँ है?" कधी कधी मलाही नीट सांगता येत नाही.

तर मूळ गोष्ट. गणपतीत कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी मंडळींचं प्रदर्शन होतं. अहिल्येने स्वतः ओवलेल्या नथी, तन्मणी, ठुश्या तिथे मांडल्या आणि जेवायच्या सुट्टीआधीच टेबल रिकामं झालं. (मी टेबलामागे उभा होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही.) एका मुलीने विचारलं, "आंटी, आपकी साइट है?" अहिल्या म्हणाली, "हाँ, सेक्टर इक्यावन में. अभी लिफ्ट नहीं लगी." इकडे साइट म्हणजे बांधकाम, तेव्हा तिचं काहीच चुकलं नाही. पण घरी आल्यावर स्वरूपा हसून लोळली. आमची स्वरूपा इथल्याच एका कॉम्प्युटर कंपनीत आहे हे तुला ठाऊकच आहे. ती म्हणाली, "आई, मी तुला वेबसाइट बनवून देते. फक्त नाव सांग. डोमेन नेम आधी बुक करावं लागतं."

ताई, मी बत्तीस वर्षं मंत्रालयात फायली चालवल्या, पण हे प्रकरण मला अजून समजलेलं नाही. नाव नोंदवायचं म्हटल्यावर मी दोन साक्षीदार, रेशनकार्ड आणि फोटो तयार ठेवले. तर म्हणे कुठे जायचंच नाही. बरं, नाव आपलं, तरी दरवर्षी त्याचं भाडं भरायचं. नाही भरलं तर ते दुसऱ्या कोणाला मिळतं. (म्हणजे बापाने ठेवलेलं नाव भाडं थकलं म्हणून शेजारी घेऊन गेला, असं.) शिवाय नावात जागा सोडायची नाही, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटवायची आणि पूर्णविराम शेवटी न देता मध्ये द्यायचा. मी कागदावर लिहून शेवटी पूर्णविराम दिला, तर स्वरूपा म्हणाली, "बाबा, हे बिल्कुल चालणार नाही, यार." बापाला यार म्हणते. दिल्लीत वाढलेली मुलं, काय बोलणार.

'अलंकार', 'साज', 'शृंगार' ही सगळी नावं आधीच गेलेली. कोणी घेतली, ते कळत नाही. मग मी 'अहिल्यानथ' सुचवलं. इंग्रजीत लिहून शेजारच्या ग्रोव्हरबाईंना दाखवलं. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि विचारलं, "ये अहिल्यानाथजी का आश्रम कहाँ है?" ते बारगळलं. मग 'ठुशी'. तो गळ्यातला दागिना आहे हे स्वरूपालासुद्धा मला सांगावं लागलं. ग्रोव्हरबाईंनी वाचलं 'तुस्सी', आणि म्हणाल्या की हे तर आमच्या पंजाबीत 'तुम्ही' झालं, यात दागिना कुठे आहे? मग मी फार विचार करून साधं, सोपं, कोणालाही कळेल असं नाव काढलं : 'अहिल्यामोती'. ग्रोव्हरबाईंनी ते मोठ्याने वाचलं. अहिल्येकडे बघितलं. पुन्हा कागदाकडे बघितलं. आणि फार मायेने म्हणाल्या, "इतनी भी मोटी नहीं हैं आप."

त्यानंतर अहिल्या तीन जेवणं माझ्याशी बोलली नाही. चौथ्या जेवणाला मी म्हणालो, "मग नुसतं तुझं नाव टाकू. अहिल्या. त्यात कोणी काय वेडंवाकडं वाचणार?" ती भात वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "माझं नाव कुठलं?"

मला वाटलं, हिची तब्येत बिघडली. स्वरूपाही घाबरली. म्हणाली, "आई, तुझं नाव अहिल्या आहे ना?"

"ते ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं," अहिल्या म्हणाली. "मोती ओवायला मला माझ्या आईने शिकवलं, तेव्हा मी कुमुद होते. नथ ओवताना अजूनही मनात तीच हाक येते : कुमुद, तार ओढू नकोस. हे दुकान कुमुदचं आहे."

स्वरूपाला, ताई, हे माहीतच नव्हतं. सव्वीस वर्षांची मुलगी, आईचं नाव आज ऐकते. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलं होतं. "पण बदललं का?" तिने विचारलं. मी म्हणालो, तेव्हा पद्धत होती. "हो, पण कुमुद काय वाईट होतं?" खरं कारण तुला ठाऊक आहेच. तेव्हा तुझ्या धाकट्या जावेचं नाव कुमुद, तुमचं बोलणं बंद, आणि तू आईला म्हणालीस की ते नाव या घरात ऐकू यायला नको. मी पोरीला सांगितलं की कारण आता आठवत नाही. अहिल्येने माझ्या पानात कारल्याची भाजी दोनदा वाढली.

नुसतं 'कुमुद' शोधलं तर तेही आधीच गेलेलं. पण माहेरच्या आडनावासकट, 'कुमुद रिसबूड' असं एकत्र लिहिलं आणि ते पहिल्याच फटक्यात मिळालं. अख्ख्या जगात ते कोणालाच नको होतं. स्वरूपाने बटण दाबलं तेव्हा अहिल्या मागे उभी होती. पडद्यावर नाव आलं. तिने चष्मा पुसला, वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. ग्रोव्हरबाईंनी ते 'रोझबड' वाचलं आणि त्यांना फार आवडलं. आम्ही कोणी दुरुस्त केलं नाही.

आता माझा गोंधळ. सकाळी मी प्रेमाने म्हणालो, "कुमुद, चहा देतेस?" ती मोती ओवत राहिली. पुन्हा म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "घरात अहिल्याच म्हणा. ते दुकानाचं नाव आहे." दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, कुमुदजी आहेत का विचारलं, आणि मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. त्यावर पुन्हा कारलं.

भावजींना नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

तुझा,
श्याम

ता.क. : डिसेंबरात अहिल्या पुण्याला प्रदर्शनासाठी येते आहे आणि तुझ्याकडेच उतरणार आहे. तिच्या कार्डावर, पिशव्यांवर, सगळीकडे मोठ्या अक्षरांत 'कुमुद' छापलं आहे. ते बघून तू काही मनात आणू नयेस, आणि आणलंस तरी चेहऱ्यावर आणू नयेस, एवढंच सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं.

ता.क. दुसरा : पत्र अहिल्येने वाचलं. म्हणाली, ताईंना कशाला समजावताय? तिने आठ दिवसांपूर्वीच तुला फोन करून विचारलं होतं आणि तूच सांगितलंस म्हणे, "बिनधास्त कुमुद टाक. मलाही सासरी येईपर्यंत सुमित्राच म्हणत होते, शालिनी कोणी मला विचारून ठेवलं नाही." मला हे कोणीच सांगितलं नाही. जेवढं पत्र लिहिलं तेवढं फुकट गेलं, पण लिहिलंच आहे तर पाठवतो.

ता.क. तिसरा : आत्ता पाकिटावर पत्ता घालायला बसलो आणि अडलो. शालिनी लिहू की सुमित्रा? काय ते लवकर कळव, म्हणजे पत्र पेटीत टाकतो.