रबराचे झाड कशाने वाळले

कॅम्प-१, भिलाई
१२ मार्च १९६३

प्रिय वच्छला,

तुझे पत्र शनिवारी पोचले. पुंडलिकरावांना कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर घेतले, पाडव्यानंतर रुजू व्हायचे आहे, आणि क्वार्टर मिळेपर्यंत तुम्ही दोघे आणि दोन्ही पोरे माझ्याकडे राहू का, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मी शेवटी देते. पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून, तू आणखी एक विचारलेस. रशियन बाईचे ते मोठे झाड कसे आहे, मागच्या खेपेला उदास दिसत होते. झाड मेले. कशाने मेले ते आधी सांगते. दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणची आहेत, म्हणून घाई करू नकोस आणि पत्र मधूनच खाली ठेवू नकोस.

झाड घरात आले तो दिवस तू पाहिला नाहीस. देवराव ज्या रशियन साहेबाच्या हाताखाली काम शिकले, तो साहेब मुदत संपवून परत निघाला. सामान ट्रकवर चढवायला हे गेले होते. साहेबाच्या बाईने रबराचे हे झाड यांच्या पुढ्यात ठेवले आणि डोळे पुसत ओल्या फडक्याने पाने कशी पुसायची ते हातवारे करून दाखवले. त्यांच्याकडे म्हणे थंडीपायी असली झाडे घरातच वाढवतात. कुंडी ट्रकजवळच फुटली. मग यांनी ग्रीसचा रिकामा ड्रम अर्धा कापून आणला, त्यात माती भरली आणि झाड पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवले. माझ्या डोक्यावर हातभर उंच होते. एकेक पान बुटाच्या तळव्याएवढे. आमचे बसणे-उठणे एका कोपऱ्यात आले, पण यांना त्याचे काही नव्हते. म्हणाले, "याचे मायबाप गेले रशियात. आता आपणच." मी हसले. लग्नाला तेव्हा सात वर्षे झाली होती.

झाड उतरू लागले ते यांच्या मागे, पावसाळ्यात. आधी खालची पाने पिवळी पडून गळाली. माणूस गेलेले घर झाडालाही कळते, असे मला वाटले, आणि त्यात मला थोडे बरेही वाटले, की चला, आपल्याबरोबर रडणारे कोणी आहे. मूर्खपणा होता. मी पाणी वाढवले. पाने आणखी गळाली. मग वाटले, उजेड कमी पडतो. ड्रम ओढत दारापाशी आणला, माझी कंबर चार दिवस धरून राहिली. मग वाटले, भट्ट्यांची काजळी पानांवर बसून श्वास कोंडतो. रोज संध्याकाळी एकेक पान पुसले. फडके काळे व्हायचे आणि पान पिवळेच राहायचे. कीड असेल म्हणून तंबाखूचे पाणी शिंपडले. कीड नव्हती.

मी ज्या शाळेत आया म्हणून लागले तिथला माळी केवलराम आपल्याच आमगावकडचा. त्याला घरी आणून दाखवले. ड्रममध्ये बोट खुपसून तो म्हणाला, "बाई, झाडाले पाणी पाजून राहिल्या का म्हैस धुवून राहिल्या? अन् या डरमाले खाली छेद कुठं आहे? गेलेलं पाणी जाईन कुठं?" खरेच, ड्रमला भोकच नव्हते. आत गेलेले सगळे आतच राहत होते. त्याने पानाची कड मोडून दाखवली. पान मध्ये हिरवे होते आणि कडेला बिडीने जाळल्यासारखे तपकिरी. त्याला कारण सांगता आले नाही. म्हणाला, "जास्ती पाण्यानं मुळी सडते, कड नाही जळत. हे काही अलग आहे."

तुला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. तू पाटीवर गिरवायचीस तेव्हा भाकरी करता करता पाठीमागून डोकावून मी अक्षरे चोरली. अजूनही कागद दिसला की वाचून टाकते, मग तो पुडीचा असो की रद्दीचा. जानेवारीत शाळेच्या रद्दीत संत्र्याच्या बागांवरची एक सरकारी पुस्तिका सापडली, नागपूरकडे वाटतात तसली. तिच्यात एक चित्र होते. अगदी माझ्या झाडाचे पान. खाली लिहिले होते की विहिरीचे पाणी खारे असले की जमिनीत मीठ साचते, मुळांना पाणी ओढता येत नाही, ओल्या मातीत उभे असूनही झाड तहानेने मरते आणि पानाची कड आधी जळते. ते वाचून मी घरी आले आणि ड्रमच्या काठाकडे नीट पाहिले. मातीच्या वर, पत्र्याला, पांढरा थर चढला होता. मी इतके दिवस तो चुना समजत होते. बोट लावून जिभेवर ठेवले. मीठ होते.

आमच्या नळाचे पाणी खारे नाही, वच्छला. शेजारच्या तुळशी त्याच पाण्यावर हिरव्यागार आहेत.

आता थोडे मागे जाते. उन्हाळ्यात भट्टीवरच्या माणसांना कारखान्यातून गोळ्या मिळतात. घामावाटे अंगातले मीठ जाते, ते भरून काढायला. होळीच्या आधीच्या शनिवारपासून दर आठवड्याला मेणकागदाच्या दोन पुड्या यायच्या, वर जांभळ्या शाईत तारखेचा शिक्का. एक घरी ठेवायची, एक खिशात न्यायची. घरची पुडी मी देवापाशी डबीत ठेवायचे आणि ड्यूटीच्या वेळी दोन गोळ्या स्वतः यांच्या हातावर ठेवायचे. हे झाडापाशी उभे राहून गोळ्या तोंडात टाकायचे, लोटा वर करून घोट घ्यायचे आणि खाली वाकून उरलेले पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचे. कामावर निघालेला माणूस आधी झाडाला पाजून जातो, हे पाहायला मला फार आवडायचे. मी दारात उभी राहून ते रोज पाहत होते.

मेमध्ये यांच्या पोटऱ्यांना गोळे येऊ लागले. दगडासारखे व्हायचे. मी तेल लावून चोळायचे. पाणी घागरीने प्यायचे, तरी तोंड कोरडे. एकोणतीस तारखेला भट्टीवरून उचलूनच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मला विचारले, मिठाच्या गोळ्या घेतात का? मी म्हटले, रोज, माझ्या हाताने देते. दुसऱ्यांदा विचारले. मी देवाची शपथ घेतली. संध्याकाळी सगळे संपल्यावर डॉक्टर म्हणाले, अंगात मीठ उरलेच नव्हते. माझ्याकडे पाहून म्हणाले. वाईट बोलले नाहीत, नुसते पाहिले.

तेराव्याला तू चुलीपाशी बसून बायकांना काय सांगत होतीस ते मी मागच्या दारातून ऐकले. "तायले वाचाचा नाद ना बापा. पुस्तकात डोकं घातलं की दोन गोळ्या द्याचं भान कुठून राहीन?" अंजनाबाई, माझी सासू, तिथेच होती. ती त्याच दिवशी गावी निघून गेली, आणि अजून माझ्या हातचे पाणी पीत नाही. मी तुला काहीच बोलले नाही. तुझे खोटे आहे असे म्हणायला माझी मलाच खात्री नव्हती. त्या नऊ आठवड्यांतली एकेक सकाळ मी आठवून पाहिली. या दिवशी दिल्या का, त्या दिवशी दिल्या का. आठवून आठवून शेवटी मला दिलेल्या गोळ्याही न दिल्यासारख्या वाटू लागल्या. आठ महिने मी नवरा मारलेली बाई म्हणून जगले, आणि ते मला शिकवले तू.

पुस्तिका वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, केवलरामने आणि मी झाड ड्रममधून उपसले. मुळे काळी, भिजलेल्या सुतळीसारखी, ओढली की हातात सालपट येत होते. तळाशी विटांचे तुकडे घातले होते. त्यांच्यावर, कडेने पत्र्याला लागून मातीत खोल खुपसलेल्या, मेणकागदाच्या पुड्या. नऊ. चोवीस मार्चपासून एकोणीस मेपर्यंत. खिशातल्या सगळ्या पुड्या न फोडता तिथे ठेवलेल्या, आतल्या गोळ्या पाझरून अर्ध्या विरघळलेल्या. घरच्या गोळ्या कुठे गेल्या तेही तेव्हाच कळले. उरलेले पाणी ओतायला वाकायचे, तेव्हा जिभेखालच्या गोळ्याही बुडाशी टाकायचे. आणि नंतर झाड वाळते म्हणून मी पाणी घालत गेले, तेवढे ते मीठ विरघळत गेले.

फेकून का दिल्या नाहीत, असे केवलरामने विचारले. ते मला कोणी सांगायला नको होते, ठाऊकच होते. मीठ पायदळी टाकत नाहीत. यांच्या आईने लहानपणी दटावून ठेवले होते की सांडलेले मीठ पुढच्या जन्मी पापणीने वेचावे लागते. फेकायला भ्याले आणि खायला त्याहून जास्त भ्याले. खायला का भ्याले, तेवढेच मला कळत नव्हते. म्हणून मी यांच्याबरोबर भट्टीवर असलेल्या हिरालालकडे गेले. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनी, मी लय समजावलं त्याले. ऐकेच ना. म्हने, गोळीत वरून मीठ अन् आत दवाई. सरकार पोरं बंद कराले देऊन राहिलं. माझी साळी सांगत होती, अन् साळी शिकेल आहे म्हने, ते खोटं कावून सांगन?"

आठवले का? गेल्या वर्षीची होळी. तू पुरणपोळीवर तूप वाढत होतीस आणि कडेवर धाकटा होता. यांनी पुडी ताटाशी ठेवली होती. तू म्हणालीस, "भाऊजी, सरकार फुकटात काही देते का जी? आमच्याकडं नर्सबाई घरोघरी येऊन सांगते, पोरं कमी करा म्हणून. तुम्ही हे खाऊन राहिले, मंग पाळणा हलन कसा? आठ वर्षं झाली, आता तर सरकार बी तायच्याच बाजूनं." सगळे हसले. मीही हसले, वच्छला. तुझ्यावर चिडू नये म्हणून हसले. हे हसले नाहीत. त्यांनी पुडी उचलून खिशात ठेवली. तो बुधवार होता, आणि ड्रममधली पहिली पुडी त्याच शनिवारची आहे. पोराची इतकी आस होती, पण आठ वर्षांत माझ्यापाशी एकदाही बोलले नाहीत. तुझी एक थट्टा मात्र यांनी खरी धरली.

तू मुद्दाम केलेस असे मी म्हणत नाही. तू कधीच काही मुद्दाम करत नाहीस. तुझ्या तोंडून निघते आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन पडते. पुंडलिकरावांशीही तू तीच थट्टा केली असशील, ती तुझी आवडती होती. त्यांना दोन पोरे आहेत, पण तिसरे नको असे त्यांना वाटत असेल असे मला वाटत नाही. आणि ते त्याच भट्टीवर येत आहेत. उन्हाळा तोंडावर आहे.

म्हणून हे पत्र. या. चौघेही या, मागची खोली झाडून ठेवली आहे. झाडाचे खोड मी टाकलेले नाही, ते पुन्हा त्याच ड्रममध्ये रोवून खिडकीपाशी ठेवले आहे. रोज ड्यूटीच्या वेळी पुंडलिकराव तिथे उभे राहतील आणि तू आपल्या हाताने त्यांना दोन गोळ्या देशील. गिळेपर्यंत थांबशील, तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहशील. मी दारात उभी असेन. पोरांचा बाप जगला पाहिजे, त्यांनी काही केलेले नाही. हिरालाल तोंड उघडणार नाही, तसे मी त्याच्याकडून वदवून घेतले आहे. मीही कोणाला काही सांगणार नाही. आईला नाही, सासूला नाही, पुंडलिकरावांना नाही. लोक मला जे म्हणतात ते म्हणू देत, मला सवय झाली. पण मग तुला रागावणारे कोणी नसेल आणि माफ करणारेही कोणी नसेल. माझ्याकडे मागू नकोस. सोबत एक गोळी पाठवत आहे. सव्वीस मेच्या पुडीतली आहे, दवाखान्यातून यांचा सदरा परत आला, त्याचे गाठोडे मी जानेवारीत ड्रम उपसल्यावरच सोडले; त्याच्या खिशात ती पुडी न फोडलेली होती. घरात कोणी नसताना जिभेवर ठेव आणि पूर्ण विरघळू दे. मीठ आहे, वच्छला. आतपर्यंत नुसते मीठ आहे.

तुझीच, कारण एका आईच्या पोटचे नाते मोडता येत नाही,
सिंधू